२४९ रुपयांची चमकी

आधी हिशेब. ट्यूब साडेचार मिलिलिटरची, छापील किंमत २४९ रुपये. म्हणजे मिलिलिटरला ५५ रुपये आणि लिटरला ५५ हजारांच्या वर. घरी हे सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, लिपग्लॉस लिटरवर कोण घेतं?" कोणी घेत नाही हे मलाही कळतं. पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये २६ वर्षं मिलिलिटर मोजण्यात गेली की हातात काहीही द्या, नजर आधी त्या आकड्यावर जाते.

हा चमकीवाला लिपग्लॉस मी कोथरूडच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधून आणला. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, तापाच्या गोळ्यांची एक पट्टी आणि ही ट्यूब, सगळं एकाच बिलात. गोळ्यांवर दहा टक्के सूट मिळाली, ग्लॉसवर नाही. "कॉस्मेटिकला नाही बसत, ताई," दुकानदार म्हणाला आणि चष्म्यावरून बघत पुढे, "लेकीला का?" मी हो म्हटलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने भर काउंटरवर "नाही, मलाच" म्हणायला जो धीटपणा लागतो तो माझ्याकडे त्या संध्याकाळी नव्हता. मागे रांग होती.

खरं कारण वाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आमच्याकडे पंचवीसेक बायका येतात आणि दर वर्षी जानेवारी लागला की काय लुटायचं यावर घरात खल होतो. गेल्या वर्षी झाकणाचे डबे दिले, त्याच्या आदल्या वर्षी स्टीलच्या वाट्या. लेकीचं म्हणणं, "तुमच्या वाट्या त्या बायका पुढच्या वर्षी दुसऱ्यांना देतात. यंदा लिपग्लॉस दे." पंचवीस ट्यूबा म्हणजे ६,२२५ रुपये. बोहरी आळीत घाऊक घेतल्या तर पुष्कळ स्वस्त पडतील, हे ती कॉलेजातल्या कुणाच्या तरी भरवशावर सांगत होती. मी म्हटलं, आधी एक आणू, मी लावून बघते. पंचवीस जणींच्या ओठांना काय लावायचं ते स्वतः न वापरता वाटणं मला जमणार नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक म्हणजे या किमतीतल्या चार कंपन्यांच्या ट्यूबा मी दुकानातच उलट्या करून वाचल्या, तर यादीतले पहिले चार-पाच पदार्थ जवळपास तेच. आणि दुसरं, माझी जी कुरकुर आहे ती या वस्तूच्या जातीबद्दलच आहे, एखाद्या घराण्याबद्दल नाही.

ट्यूब दिसते मात्र देखणी. पारदर्शक गुलाबी, आत सोनेरी-चंदेरी कण अधांतरी लटकलेले. उलटी धरली की ते कण इतके सावकाश सरकतात की मी गॅसवर दूध ठेवून ते बघत उभी राहिले आणि दूध उतू गेलं. टोपण तांबूस सोनेरी. पर्समध्ये किल्ल्यांबरोबर चार दिवस राहिलं तर सोनेरी मुलामा कडेने खरवडला गेला आणि खालचं पांढरं प्लॅस्टिक डोकावायला लागलं. टोपणालाच दांडी आणि दांडीच्या टोकाला तिरपं मखमली बोंड. नळीच्या तोंडाशी आतून एक रबरी कडं असतं, ते दांडीवरचं जास्तीचं निपटून घेतं. चांगली सोय आहे. फक्त त्या कड्यामुळे तळाचा अर्धा मिलिलिटर कधीच वर येत नाही, हे लेकीच्या जुन्या ट्यूबा कचऱ्यात टाकताना मी पाहिलंय. पंचावन्नच्या भावाने ते सत्तावीस रुपये.

वास व्हॅनिलाचा, चव गोड. गोडी सॅकरिनची, लेबलवर लिहिलेलंच आहे. त्याच लेबलवर दुसऱ्या नंबराला एक भारदस्त लॅटिन नाव होतं, रिसिनस कम्युनिस. म्हणजे आपलं एरंडेल. आमची आजी महिन्यातल्या एका रविवारी आम्हा चौघा भावंडांना ओळीने बसवून, नाक दाबून ते पाजायची आणि आम्ही घरभर पळायचो. तेच आता व्हॅनिलाच्या वासात, पदरचे पैसे देऊन, मी आपणहून ओठांना लावत होते. आजी असती तर म्हणाली असती, जरा आत ढकल, गुण येईल.

आरशात पहिल्यांदा बघितलं तेव्हा रंग कुठेच नाही. मी सावळी आहे. ट्यूबमधला गुलाबी ट्यूबमध्येच राहिला. पण ओठ छान दिसले, हे कबूल करायला हवं. जानेवारीत पुण्यात सकाळी दहा-अकरा डिग्री असतं आणि हवा अशी कोरडी की ओठांना उभ्या भेगा पडतात. ओठांच्या कातडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्याही जवळपास नाहीतच, त्यामुळे तिचं स्वतःचं वंगण काही नसतं. ग्लॉसचं जाडसर तेल त्या भेगांत भरतं, पृष्ठभाग सपाट होतो आणि सपाट झाला की उजेड परततो. एवढीच करामत. ओल्या फरशीसारखी.

त्यावर चमकी. खालच्या ओठाच्या मधोमध थोडी असेल तर गोड दिसते. दोन्ही ओठांवर कडेपर्यंत लावली तर काटेरी हलवा दिसतो. मी पहिल्या दिवशी कडेपर्यंत लावली होती.

चिकटपणाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. ओठ मिटून उघडले की 'पच्' असा आवाज येतो. यादीत सगळ्यात वर पॉलिब्युटीन आहे, चकाकी त्याचीच आणि चिकटपणाही त्याचाच. हे नाव कुठेतरी वाचलंय, कुठेतरी वाचलंय असं दोन दिवस डोक्यात घोळत होतं. मग आठवलं. आमच्या सोसायटीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय. गेल्या वर्षी डक्टच्या कठड्यांवर एक चिकट जेल लावून घेतलं, पाखरांचे पाय चिकटतात आणि ती पुन्हा बसत नाहीत. त्याच्या डब्यावर हेच नाव होतं. भिण्याचं काही कारण नाही, प्रसाधनांतलं वेगळ्या प्रतीचं, शुद्ध केलेलं असतं. पण कबुतरं एकदा बसून परत का येत नाहीत, ते मला त्या दिवशी आतून कळलं.

आता गाडी. ग्लॉसबद्दल जे लोक लिहितात-बोलतात ते बहुतेक चारचाकीत बसत असावेत, कारण स्कार्फबद्दल एक अक्षर कोणी काढत नाही. पुण्यातली दुचाकीवरची बाई म्हणजे डोळे सोडून सगळं गुंडाळलेलं. डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून, मागे गाठ आणि त्यावर हेल्मेट. धूळ, धूर, ऊन, थंडी, सगळ्यावर एकच इलाज. मी सकाळी पावणेआठला ग्लॉस लावला, सवयीने स्कार्फ बांधला आणि ॲक्टिव्हा काढली. कर्वे पुतळ्यापर्यंत काही जाणवलं नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं की स्कार्फ तोंडावर नाही, तोंडाला आहे. श्वास घेतला की आत ओढला जातो, सोडला तरी सुटत नाही. जिभेने ढकलून बघितला तर जिभेला सुताची आणि व्हॅनिलाची चव. शेजारच्या गाडीवरची मुलगी काहीतरी विचारत होती, बहुधा म्हात्रे पुलाकडे कसं वळायचं, आणि मी नुसती मान हलवत होते. तिला वाटलं असेल मी मुकी आहे किंवा सदाशिव पेठेतली आहे.

नव्या पेठेत लॅबवर पोचून स्कार्फ सोडला. ओठांवर ग्लॉस नावाला नाही. स्कार्फच्या आतल्या बाजूला मात्र माझे ओठ जसेच्या तसे, दोन्ही, सोनेरी-चंदेरी, भेगांसकट. आणि केस. कानामागून निसटलेली एक बट ओठांच्या कोपऱ्याला इतकी घट्ट चिकटली होती की ती सोडवताना गालावरही चमकीचा पट्टा उमटला. पंचवीस मिनिटांचा प्रवास, ग्लॉसचं आयुष्यही तेवढंच. चमकीचं नाही. ती दुपारी जेवताना हनुवटीवर होती, संध्याकाळी डाव्या भुवईत. तिथे कशी गेली हे मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून लॅबवर पोचल्यावर लावायचं ठरवलं आणि दारातच अडले. आमच्या लॅबच्या दारावर पाटी आहे. सगळ्याच लॅबमध्ये असते: आत खाणे, पिणे, सौंदर्यप्रसाधने लावणे मनाई. २६ वर्षं रोज ती पाटी ओलांडते आहे. खाण्यापिण्याबद्दल शिकाऊ मुलांना शंभर वेळा रागावले आहे, पण तिसरा शब्द माझ्यासाठी आहे हे कधी वाटलंच नव्हतं. नियम योग्यच आहे, नमुने हाताळलेला हात तोंडाकडे जाता कामा नये. त्याच कारणासाठी एक सांगून ठेवते: दुकानात काउंटरवर जो उघडा टेस्टर असतो तो थेट ओठांना लावू नका. तो तुमच्याआधी कोणाकोणाच्या ओठांवर फिरलाय ते कळत नाही आणि ओठांवर येणारे तापाचे फोड (हर्पीस) असेच पसरतात. मनगटावर लावून बघा.

पण पाटीवर लावायला मनाई आहे, बघायला नाही. रात्री घरी एका काचपट्टीवर ग्लॉसचा ठिपका दिला, वर पातळ काच ठेवली, कागदात गुंडाळून नेली आणि काम संपल्यावर शिकाऊ मुलांसाठी ठेवलेल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली सरकवली. दहाचं भिंग लावलं.

मी आयुष्यात पुष्कळ स्लाइडी पाहिल्या आहेत, पण अशी नाही. आधी दिसले ते तुकडे. पातळ, पारदर्शक, कडा फाटलेल्या, फुटक्या बांगडीचा चुरा असावा तसे. काही फिकट हिरवे, काही पिवळसर. हे अभ्रक. शाळेत भूगोलाच्या बाईंनी घोकून घेतलं होतं, अभ्रक कुठे, तर कोडरमा, बिहार. २००० सालापासून ते झारखंडात आहे. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अगदी पातळ थर चढवतात. त्या थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि मोत्यासारखी झाक दिसते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तोच प्रकार. नैसर्गिक अभ्रकाला एक काळी बाजूही आहे. झारखंडातल्या खाणींत लहान मुलं अभ्रक वेचतात हे अनेक वेळा छापून आलंय, म्हणून काही कंपन्या आता प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रक वापरतात. लेबलवर ते सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट अशा जीभ अडकेल अशा नावाने येतं.

मग काचपट्टी थोडी सरकवली आणि मध्ये एक काळा षटकोन आला. पक्का षटकोन, कंपासपेटीतून काढल्यासारखा. सहा कडा, सहा कोन, शाईसारखा काळा. त्याच्या पलीकडे दुसरा, तसाच. क्षणभर कळेना, एवढ्या लखलखीत ट्यूबमध्ये काळं काय? मग डोक्यातली ट्यूब पेटली. मायक्रोस्कोपचा उजेड खालून येतो. जे उजेड आरपार जाऊ देत नाही ते वरून कितीही चमकत असलं तरी खालून काळंच दिसणार. मी मोबाइलचा टॉर्च वरून तिरपा धरला आणि सगळे षटकोन एका दमात पेटले, चंदेरी, इतके की डोळा मागे घ्यावा लागला. टॉर्च काढला, काळे. धरला, चंदेरी. पाच मिनिटं मी हेच करत बसले. शिपायाने दोनदा डोकावून बघितलं.

आयपीसमधल्या पट्टीवर मोजलं. एक षटकोन साधारण १०० मायक्रॉन, मिलिमीटरचा दहावा भाग. माणसाची तांबडी पेशी सात-साडेसात मायक्रॉनची. म्हणजे एका चमकीवर तेरा-चौदा पेशी ओळीने मांडता येतील. अभ्रकाचे तुकडे याच्या निम्मे आणि त्याहून लहान. ओठांवर ओठ घासले की बारीक रवा लागल्यासारखं का वाटतं त्याचा उलगडा झाला. तो रवा म्हणजे हे षटकोन.

घरी येऊन लेबल पुन्हा वाचलं, या वेळी लेकीच्या डोळ्यांनी, कारण अक्षरं मोहरीएवढीही नाहीत. यादीच्या शेवटाला सापडलं: पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट. पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक. त्याच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन षटकोनी तुकडे कापतात, कारण षटकोन शेजारीशेजारी बसतात आणि पत्रा वाया जात नाही. मधमाशांचा हिशेब.

माझं या ग्लॉसबद्दलचं मत इथे पक्कं झालं. दुकानात चमकीच्या दोन जाती एकाच रांगेत ठेवलेल्या असतात. ट्यूबमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, दुकानदारालाही फरक माहीत नसतो. एक अभ्रकाची, एक प्लॅस्टिकची. अभ्रकाची झाक मऊ असते आणि तोंड पुसलं की जाते. प्लॅस्टिकची चमक दुरून दिसते, ओठांना रवाळ लागते आणि कुठेच जात नाही. तो स्कार्फ मी मशीनला लावला, वाळत घातला, आणि दोन दिवसांनी नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टाच्या कॉलरवर दोन चांदण्या. "मी काय उत्तर देऊ लोकांना?" तो म्हणाला. म्हटलं, बायकोचे ओठ आहेत म्हणून सांग. जे शर्टावर नाही आलं ते मशीनच्या पाण्याबरोबर गटारात आणि पुढे मुठेत गेलं असणार. तिच्यात आधीच काय कमी आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली, पण ओठांच्या प्रसाधनांना २०३५ पर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे जी चमकी थेट पोटात जाते तिलाच सगळ्यात जास्त सवलत.

खाण्यापिण्याच्या परीक्षा थोडक्यात सांगते. पाण्याने ग्लॉस हलत नाही. चहाच्या काचेच्या ग्लासाला अर्धा जातो, उरलेला चहावर तेलाचा गोल होऊन तरंगतो आणि त्या गोलात एक-दोन कण चमकतात. माझ्या मैत्रिणीने तिचा कटिंग बाजूला सरकवला. मिसळीपुढे ग्लॉसचं काही चालत नाही. तेलात तेल विरघळतं, दुसऱ्या घासाला तर्री ग्लॉस धुऊन नेते आणि ओठांवर तर्रीचाच तवंग चकाकतो, तोही जास्त वेळ. त्याच न्यायाने रात्री ग्लॉस काढायला खोबरेल तेल आणि कापूस पुरतो, वेगळं काही विकत घेऊ नका. मॅट लिपस्टिकवर लावाल तर लिपस्टिक फुटते आणि कडेने ओघळते. मास्कखाली तर लावूच नका.

दुसरी ट्यूब मी मुद्दाम प्लॅस्टिक नसलेली शोधली. ती कर्वे रस्त्यावर एका कॉस्मेटिकच्या दुकानात मिळाली. चार मिलिलिटर, २९९ रुपये, मिलिलिटरला ७५. महाग. पण चिकटपणा कमी, रवा नाही, झाक मोत्याची, आणि स्कार्फला लागली तरी एका धुण्यात गेली. टिकायला तीही पाऊणएक तासच टिकते, त्याला इलाज नाही, ग्लॉस म्हटला की एवढंच. दोन्हींतली एक घ्यायची तर ही घ्या. मधल्या एका शनिवारी आम्ही मायलेकी तुळशीबागेतही जाऊन आलो. तिथे एका गाळ्यावर साठ रुपयांत अशा ट्यूबा की ढिगाकडे बघून डोळे दिपावेत. उलटी केली तर मागे काहीच नाही. उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटक नाहीत, मुदत नाही. हे सगळं कायद्याने लिहावं लागतं. मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, साठ रुपयांत वाचायला पण पाहिजे का?" उत्तर म्हणून बिनतोड होतं. कानातले घ्या तिथे, ओठांचं घेऊ नका.

वाण म्हणून ग्लॉस बाद झाला हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. काही जणींना महागाचा, काहींना स्वस्तातला असं करता येत नाही, वर्षभर ऐकावं लागतं. बोहरी आळीतून पंचवीस चहाच्या गाळण्या आणल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी चंद्रकळा नेसले आणि ओठांच्या मधोमध ती पहिली, षटकोनवाली ट्यूब लावली, कारण काळ्या साडीवर ती खरोखरच खुलते. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. सासरे गेल्याला नऊ वर्षं झाली. बायका यायची वेळ झाली की त्या दर वर्षी "मी आपली आत बसते" म्हणतात, आम्ही नको म्हणतो, तरी त्या आतच बसतात. यंदा लेक ट्यूब घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "आजी, ओठ पुढे कर." मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ओठ पुढे केले. मग आरसा मागितला. लग्नात, १९६९ साली, त्यांच्या मामेबहिणीने लॅक्मेची लिपस्टिक लावून दिली होती आणि मांडवात यायच्या आत त्यांच्या वडिलांनी पुसायला लावली होती, हे मला लग्नाला चोवीस वर्षं होऊन पहिल्यांदाच कळलं. आरशात बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "कुंकवाला लोक नको म्हणतात. चमकीबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही." आणि बाहेर येऊन सोफ्यावर बसल्या.

आता परीक्षण म्हणून नोंदवते: सव्वादोन तास. या ट्यूबचा हा सर्वांत मोठा पल्ला. स्कार्फ नाही, वारा नाही, मास्क नाही, केस अंबाड्यात, चहा दुपारीच झालेला. सासूबाई तिळाची वडी कवळीमुळे चिमूटभर मोडून थेट जिभेवर ठेवतात, ओठांना लागतच नाही. हा ग्लॉस कॉलेजच्या मुलींसाठी बनवलाय असं खोक्यावरच्या चित्रावरून वाटतं. माझ्या मते तो खिडकीजवळ खुर्ची टाकून बसणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईसाठी बनवलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीची वाटी विसळायला घेतली तर पाण्यात, अगदी तळाशी, तीन ठिपके लकाकले. मी वाटी तिरपी केली, ते विझले. सरळ केली, पेटले. ओळख पटली. मोबाइलवर काढलेला मायक्रोस्कोपमधला फोटो मी आईंना दाखवला, म्हटलं, आई, हे बाटलीचं प्लॅस्टिक आहे, पोटात जातंय तुमच्या. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. "छान कापलंय की," म्हणाल्या.

म्हणून मी त्यांच्या उशाची ट्यूब गुपचूप बदलली. बीपीच्या गोळ्यांच्या डबीशेजारी २९९ची अभ्रकवाली ठेवली आणि जुनी माझ्या पर्समध्ये टाकली. एक दिवस गेला. काल संध्याकाळी त्यांनी लावली, आरसा बघितला, ट्यूब उजेडात धरून उलटसुलट केली आणि मला हाक मारली.

"अगं, ही मिणमिणती कुठली दिलीस? माझी ती षटकोनवाली आण."